एल निनो होता तरी २०१९ ला महापूर, नव्हता तरी २०२१ ला महापूर. मग आपल्या पावसाशी याचं नक्की नातं काय?

नदीकाठ_शिरोळ

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला, नरसोबाच्या वाडीपासून शेत लांब नाही, म्हणजे कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आमच्या उशाला. ऊस आहे, थोडं सोयाबीन आहे.

दरवर्षी एप्रिल उजाडला की टीव्हीवर एल निनो सुरू होतो. यंदा बी तेच. गावात पारावर लगेच चर्चा, यंदा पाऊस कमी, उसाची आडसाली लागण करायची का नको, सोसायटीचं कर्ज उचलायचं का थांबायचं. वडील म्हणतात कुठल्यातरी लांबच्या समुद्राचं ऐकून शेती होत नाही, आणि त्यांचं बी खरं वाटतंय, कारण २०१९ ला मे महिन्यापर्यंत एल निनो आहे एल निनो आहे म्हणून सांगत होते, जून खरंच कोरडा गेला, आम्ही पाण्याच्या पाळ्या मोजत होतो आणि ऑगस्टमध्ये पाणी थेट घरात, जनावरं ट्रॉलीत घालून रातोरात बाहेर काढली, ऊस पाण्याखाली राहून कुजला. मग २०२१ ला एल निनोचं नाव बी कुणी घेतलं नव्हतं तरी जुलैत परत तेच. आणि २०२३ ला मात्र एल निनो म्हणाले आणि ऑगस्ट खरोखरच कोरडा ठणठणीत गेला, विहिरीवर मोटर चालवून चालवून सोयाबीन वाचवलं.

तर माझं विचारणं एवढंच, की हे पॅसिफिक महासागरातलं तापमान वाढतंय त्याचा आपल्या पावसाशी संबंध कसा लागतो ते कुणी नीट समजावून सांगेल का? आणि खरंच संबंध असंल तर २०१९ आणि २०२१ चं काय? व्हॉट्सअपवरचे फॉरवर्ड नकोत, लई वाचून झालेत. ज्याला खरं माहिती आहे त्यानं सांगा, लांबलचक लिहिलं तरी चालंल.

---

भूगोलवाले_सर

शिरोळकर, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि वडिलांचंही निम्मं बरोबर आहे. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, हा विषय दरवर्षी पोरांना शिकवताना त्यांच्या तोंडून हाच प्रश्न येतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी पॅसिफिकचं बघू. विषुववृत्ताजवळ तिथं वारे नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात, म्हणजे पेरूच्या किनाऱ्याकडून इंडोनेशियाकडं. हे वारे वरचं तापलेलं पाणी ढकलत पश्चिमेला नेतात, इतकं की इंडोनेशियाच्या बाजूला समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा साधारण अर्धा मीटर जास्त असते. गरम पाणी इंडोनेशियाजवळ साठलेलं, म्हणून तिथली हवा वर चढते, ढग होतात, धो धो पाऊस पडतो. वर गेलेली हवा उंचावरून पूर्वेकडं जाते आणि पेरूजवळच्या गार पाण्यावर खाली उतरते, तिथं म्हणूनच वाळवंट आहे. या फेऱ्याला वॉकर सर्क्युलेशन म्हणतात. गुऱ्हाळावर काहिलीखाली जाळ जिकडं जोरात लागेल तिकडं रस उकळून वर येतो आणि जाळ सरकला की उकळीची जागा सरकते, तसंच आहे हे.

एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, साठलेलं गरम पाणी परत पूर्वेकडं पसरतं आणि उकळीची जागा मध्य पॅसिफिककडं सरकते. मग जिथं हवा वर चढत होती त्या इंडोनेशिया ते भारत या पट्ट्यात हवा खाली दबायला लागते. दबलेल्या हवेत ढग उंच वाढत नाहीत. बाष्प असतं पण पाऊस पडत नाही. ला निना म्हणजे याच्या उलट, वारे नेहमीपेक्षा जोरात आणि उकळी आपल्या बाजूला. हे चक्र काही ठरलेल्या वर्षांनी येत नाही, दोन ते सात वर्षांत कधीही येतं आणि आलं की साधारण नऊ महिने ते वर्षभर राहतं. मध्य पॅसिफिकच्या एका ठरावीक चौकोनात समुद्र सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापला आणि तसाच राहिला की एल निनो आला म्हणून जाहीर करतात. अर्धा अंश ऐकायला काहीच वाटत नाही पण तो चौकोन हजारो किलोमीटर लांबीचा आहे हे लक्षात घ्या.

आणि एक सांगतो, हे सगळं शोधायला सुरुवात झाली ती आपल्याच दुष्काळामुळं. १८९९ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर १९०४ ला गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आला, मान्सूनचा अंदाज आधी कसा सांगता येईल यासाठी त्यानं जगभरच्या वेधशाळांचे आकडे जमवले. त्याला दिसलं की पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाकडं हवेचा दाब वाढला की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडं कमी होतो आणि उलट, झोपाळ्यासारखं वरखाली चालू असतं. समुद्राच्या तापमानाशी त्याची सांगड पुढं १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी घातली. म्हणजे वडिलांना सांगा की लांबच्या समुद्राचं ऐकायचं हे आपल्याकडच्याच शेतकऱ्याच्या गरजेतून सुरू झालंय.

आता आकडे बघू. देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस साधारण ८७ सेंटीमीटर. २००२ ला एल निनो, पाऊस सरासरीच्या ८१ टक्के. २००९ ला एल निनो, ७८ टक्के. २०१५ ला ८६. इथपर्यंत सगळं पारावरच्या चर्चेसारखंच. पण १९९७ ला गेल्या शतकातला सगळ्यात तगड्यांपैकी एक एल निनो होता आणि देशात पाऊस पडला १०२ टक्के! म्हणजे एल निनो आला की दुष्काळ हे समीकरण नाही. कमी पावसाची शक्यता वाढते, एवढंच. ती शक्यता खरी होणार का नाही हे ठरवणारे दुसरे खेळाडू आहेत आणि त्यातला मोठा आपल्या दारातच आहे, हिंदी महासागर. त्यावर रात्री लिहितो, आता लेक्चर आहे.

---

किसुमूचा_कोल्हापुरी

सर लिहितील तोवर हिंदी महासागराच्या दुसऱ्या काठावरनं मी लिहितो. मूळ गाव करवीर तालुक्यात, साखर कारखान्यात टेक्निकल साईडला काम आणि आता बरीच वर्षं केनियात किसुमूच्या बाजूला आहे. इकडं कारखान्यांत आपले कोल्हापूर-सांगलीचे लोक बरेच भेटतात.

शिरोळच्या दादांनी २०१९ काढलं म्हणून सांगतो. ऑगस्टात घरचे फोन करून सांगत होते पाणी कुठपर्यंत आलंय, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात आमच्याकडं इथं आभाळ फाटलं. केनियात दोन पाऊसकाळ असतात, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. त्या साली छोट्यानं मोठ्याला मागं टाकलं. तोडलेला ऊस शेतात पडून, ट्रॅक्टर ट्रेलरसकट चाकाच्या आसापर्यंत चिखलात, दुसरा ट्रॅक्टर ओढायला आणला की तोबी रुतायचा, आणि ऊस तर तोडल्यावर थांबत नाही, साखर उतरत जाते. २०२० च्या मे मध्ये व्हिक्टोरिया सरोवराची पातळी तोवरच्या नोंदीतली सगळ्यात वरची झाली, किनाऱ्यावरच्या वस्त्या पाण्यात गेल्या.

याच काळात समुद्राच्या पलीकडं ऑस्ट्रेलिया वणव्यांनी जळत होतं. ही दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. त्या साली हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू गरम झालेली आणि सुमात्राकडची गार. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, आणि असा असला की पॉझिटिव्ह. गरम बाजूला पाऊस, गार बाजूला कोरडं. २०१९ चा पॉझिटिव्ह डायपोल नोंदीतल्या सगळ्यात जोरदारपैकी होता.

मग उलटं बी बघितलं. २०२० ते २०२२ तिन्ही वर्षं ला निना परत परत आली. आपल्याकडं ला निना म्हणजे चांगला पाऊस म्हणून आनंद, पण केनियाच्या उत्तर आणि पूर्व भागात, सोमालियात आणि इथिओपियात पाठोपाठ पाच पाऊसकाळ वाया गेले. जनावरं मेली, माणसं गावं सोडून निघाली. एकाचं सुकाळ ते दुसऱ्याचा दुष्काळ, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रस्त्याकडंला मेलेल्या गाईंची रांग बघणं वेगळं. म्हणून मला कुणी ला निना चांगली, एल निनो वाईट असं म्हटलं की कसंतरी होतं. चांगली कुणासाठी, ते बी बघायला पाहिजे.

ऊसवाल्यांसाठी अजून एक. २०२३ ला भारतात आणि थायलंडमध्ये पाऊस रुसला तेव्हा जगात साखरेचा भाव दहा-बारा वर्षांत नव्हता एवढा चढला, आणि आपल्याकडं सरकारनं निर्यात रोखली, डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. म्हणजे पॅसिफिक तापला त्याचा हिशेब आपल्या बिलापर्यंत आला. पाऊस आपल्या शिवारात पडला काय न पडला काय, हे चक्र दुसऱ्या वाटेनं बी येऊन पोचतंय.

---

आजऱ्याची_सुनीता

वाचतेय सगळं. आमची भातशेती आहे, घनसाळ करतो. आमच्याकडं पाऊस कमी पडेल का याची भीती कमी, कधी पडेल याची जास्त. धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या रानातली, मे अखेरीला करून ठेवतो रोहिणीच्या भरवशावर. २०२३ ला मान्सून लांबला आणि निम्मं बी उगवून वाळलं. आणि २०२५ ला मे मध्येच पाऊस सुरू झाला तो थांबेचना, वाफसाच, म्हणजे पेरणीजोगा ओलावाच, आला नाही त्यामुळं काही रानं पेरायचीच राहिली. हे पाऊस वेळेवर न येण्याचंही एल निनोच कारण असतं का? कारण २०२५ ला तर एल निनो नव्हता ना सर?

---

भूगोलवाले_सर

सुनीताताई, नव्हता. २०२५ ला मान्सून २४ मे ला केरळात आला आणि २६ मे ला मुंबईत, मुंबईत इतक्या लवकर यापूर्वी कधी आल्याची नोंद नाही. पॅसिफिक तेव्हा साधारण न्यूट्रल होता, म्हणजे ना एल निनो ना ला निना. इथंच या सगळ्या गोंधळाची किल्ली आहे. एल निनो हे संपूर्ण चार महिन्यांचं वजन कुठल्या बाजूला झुकेल ते सांगतो. कुठल्या आठवड्यात पडेल हे ठरवणारी गोष्ट वेगळीच आहे, तिचं नाव मॅडन ज्युलियन ऑसिलेशन, सगळे एमजेओ म्हणतात.

एमजेओ म्हणजे ढगांचा आणि पावसाचा एक प्रचंड पट्टा, विषुववृत्ताजवळून पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकत जातो आणि साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो. १९७१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी तो शोधला. तो हिंदी महासागरावर आला की आपल्याकडं मान्सूनला जोर येतो, पुढं पॅसिफिकवर गेला की आपल्याकडं ओढ बसते. पावसाळ्यात त्याच्या सोबत ढगांचा एक पट्टा विषुववृत्तावरून उत्तरेकडं आपल्या अंगावर चढत येतो. आपले आजोबा म्हणायचे ना तरणा पाऊस झाला, म्हातारा झाला, मधे उघडीप, मग आश्लेषा-मघा, त्या लाटांमागं बऱ्याच अंशी हीच हालचाल असते. नक्षत्राची तारीख पक्की आणि लाटेची नाही, एवढाच फरक.

आता डायपोल. केनियातल्या दादांनी इतकं छान लिहिलंय की मला थोडंच उरलंय. पश्चिम हिंदी महासागर गरम असला तर आपल्या मान्सूनला सहसा मदत होते, आणि १९९७ ला एल निनो असूनही पाऊस वाचला त्याचं मोठं श्रेय याच पॉझिटिव्ह डायपोलला देतात. हा डायपोल १९९९ मध्ये जपानमधल्या संशोधकांच्या गटानं पहिल्यांदा नीट मांडला, साजी नावाचे भारतीय शास्त्रज्ञ त्या पेपरचे पहिले लेखक आहेत.

पण शिरोळकर, इथं सावध राहा. २०१९ चा महापूर डायपोलमुळं आला असं सरसकट सांगणारे बरेच भेटतील. त्याचा खरा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरात होता. ऑक्टोबर अखेरीला अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ झाली, परतीचा पाऊस संपता संपेना, काढलेलं सोयाबीन शेतात भिजून त्याला कोंब आले, ते आठवत असेल. त्यात अरबी समुद्र तापलेला असण्याचा हात मोठा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला पाऊस मात्र वेगळ्या तऱ्हेचा होता. एल निनो तोवर ओसरला होता. बंगालच्या उपसागरात ६-७ ऑगस्टच्या सुमारास डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं जोरदार क्षेत्र, झालं, त्यानं अरबी समुद्रावरून पश्चिमेचे वारे जोरात ओढले, आणि ते बाष्पानं भरलेले वारे सरळ आपल्या सह्याद्रीवर आदळत राहिले, दिवसामागून दिवस.

२०२१ च्या पावसाळ्यात तर पॅसिफिक न्यूट्रल, ला निना तेवढ्यापुरती ओसरलेली, आणि डायपोल निगेटिव्ह, म्हणजे उलटा. कागदावर बघितलं तर पुराचं एकही लक्षण नाही, देशाचा मोसमाचा पाऊसही ९९ टक्के, म्हणजे अगदी नॉर्मल. आणि २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर! चिपळूण बुडालं, इकडं आपली पंचगंगा. म्हणजे महासागराचं चक्र मोसम ठरवतं, आणि आपला पूर ठरतो तीन-चार दिवसांत घाटावर काय होतं त्यावर. दोन वेगळ्या मापाच्या गोष्टी एकाच फूटपट्टीनं मोजायला गेलं की असा गोंधळ होतो.

---

धरणवाला_काका

सरांनी सांगितलं त्यात पाटाच्या बाजूनं भर घालतो. नोकरीभर धरणं आणि बंधाऱ्यांवर काढली, आता रिटायर आहे.

कोल्हापूर जिल्हा हा एक जिल्हा नाही पावसाच्या हिशेबानं. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर, शिरोळला पाचशे-सहाशे. शंभरेक किलोमीटरात दहा पट फरक. आणि हवामान खात्याच्या विभागणीत आपण मध्य महाराष्ट्र विभागात, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर यांच्याबरोबर. आता सोलापूर आणि गगनबावड्याची मिळून सरासरी काढल्यावर ती कुणाच्या कामाची? तरी पेपरात हेडिंग तेच येतं आणि लोक तेच धरून बसतात.

शिरोळच्या माणसाला त्याच्या आभाळाकडं बघून पूर कळत नाही. २०१९ ला शिरोळात मधे मधे ऊन पडत होतं आणि पाणी चढत होतं. पूर येतो तो कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीच्या डोंगरातनं, आणि कृष्णेकडनं कोयनेच्या बाजूचं वेगळं. राधानगरी भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. पण राधानगरीची साठवण साधारण आठ टीएमसी (अब्ज घनफूट), कोयनेची १०५. म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यातली धरणं लहान आहेत, आणि धरणाच्या खालच्या मोकळ्या डोंगरावर पडलेलं पाणी तर कुठल्याच धरणात थांबत नाही, ते थेट नदीत. म्हणून नुसता विसर्ग बघू नका. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. दोन्ही महापुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली होती. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं मुद्दाम काढत नाही, त्याचा वेगळा धागा आहे, तिथं भांडा.

एल निनोचा उपयोग कुठं होतो तर धरणाच्या नियोजनात. पाऊसकाळ ओढीचा जाणार अशी शक्यता जास्त असली तर उन्हाळ्यात पाणी जपून सोडायचं, जूनअखेरपर्यंत पिण्याचं पाणी राखून ठेवायचं. उलट जुलै-ऑगस्टात धरण लवकर गच्च भरून ठेवायचं नाही, पुराला जागा ठेवायची, तिथं मोसमाचा अंदाज कामाचा नाही, तिथं पुढच्या आठ-पंधरा दिवसांचाच पाहिजे. हे दोन्ही हात एकाच वेळी सांभाळायचे असतात आणि बाहेरनं बोलणाऱ्याला वाटतंय तेवढं ते सोपं नाही. पाणी आधी सोडलं आणि पाऊस आलाच नाही तर एप्रिलात तेच लोक उसाला पाणी द्या म्हणून ऑफिसवर येतात, आणि त्यांचं बी चुकीचं नसतं.

---

नदीकाठ_शिरोळ

काका, सर, केनियाचे दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. ऊन पडलेलं असताना पाणी चढतंय ते आम्ही डोळ्यानं बघितलंय, आता कारण कळालं.

एक राहिलं. २०२३ ला मग एल निनोचं खरं कसं झालं? आणि शेतकऱ्यानं नक्की कधी काय बघायचं? एप्रिलचा अंदाज बघून लागणीचं ठरवायचं का नाही?

---

भूगोलवाले_सर

२०२३ बद्दल म्हणाल तर तो महिन्या महिन्यानं बघा म्हणजे कळेल. एल निनो जूनमध्येच जाहीर झाला होता. तरी जुलैत देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस. मग ऑगस्टात ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला, ढगांची लाट पॅसिफिककडं गेलेली, आणि एल निनोनं ती ओढ लांबवली. एरवी आठ-दहा दिवसांत उघडीप संपली असती. सप्टेंबरात डायपोल पॉझिटिव्ह झाला, पाऊस परत १३ टक्के जास्त, आणि मोसम ९४ टक्क्यांवर मिटला. नुसता ९४ आकडा बघितला तर काहीच झालं नाही असं वाटतं, आणि तुम्ही त्या ऑगस्टात विहिरीवर मोटर चालवून सोयाबीन वाचवत होता. एल निनोच्या वर्षी शेतकऱ्याला खरी भीती असते ती या मधल्या लांब ओढीची, एकूण पावसाच्या आकड्याची तेवढी नाही. सोयाबीन फुलात आणि शेंगेत असताना तीन आठवडे पाणी नाही मिळालं तर नंतरचा पाऊस कितीही पडू दे.

आता कधी काय बघायचं. मार्च ते मे या काळात पॅसिफिकचा अंदाज सगळ्यात कच्चा असतो, जगातल्या सगळ्या मॉडेलचा, कारण त्या महिन्यांत समुद्र आणि वारा दोन्ही कुस बदलत असतात. म्हणून एप्रिलच्या बातमीवर कर्ज उचलायचं का नाही हे ठरवू नका. मेअखेरीला हवामान खातं सुधारित अंदाज देतं तो जरा भरवशाचा, जूनअखेरीचं चित्र त्याहून स्पष्ट. तुमची आडसाली लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत असते, म्हणजे तुमच्या हातात तोवर बरीच माहिती आलेली असते, घाई करायचं कारणच नाही. नदीकाठाच्या सखल रानात आडसाली करताना मला एल निनोपेक्षा पुराची चिंता जास्त वाटेल, कोवळा ऊस आठ-दहा दिवस शेंड्यासकट पाण्याखाली राहिला तर संपला.

सोयाबीनच्या पेरणीला कुठलंच चक्र बघायची गरज नाही, ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन वाफसा आला की पेरा, हा साधा नियम मोसम कसाही असला तरी चालतो. पहिल्या सरीला भुलायचं नाही एवढंच. सुनीताताईंच्या धूळवाफेला मात्र हे लागू होत नाही, तिथं जोखीम आहेच, त्यामुळं सगळं रान एकदम न पेरता थोडं रोपाच्या लावणीसाठी ठेवलेलं बरं असं मला वाटतं, पण तिथल्या जुन्या शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जुलै लागला की दर गुरुवारी हवामान खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज येतो, त्यात पहिल्या दोन आठवड्यांचे नकाशे बऱ्यापैकी कामाचे असतात, तिसऱ्या-चौथ्याचा फक्त कल बघायचा. त्यात कोकण-गोवा आणि घाट निळा (म्हणजे जास्त पावसाचा) दिसायला लागला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा सांगितला असेल तर शिरोळात ऊन पडलेलं असलं तरी सावध व्हायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्लाही निघतो, फवारणी आणि खताचं त्यावर ठरवा.

आणि एक गोष्ट जी या चक्रांच्या पलीकडची आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि अरबी समुद्र तापत चाललाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. एल निनो येईल, जाईल, ला निना येईल. त्या चक्राखालची जमीनच वर सरकतेय. म्हणून एल निनोच्या वर्षी पूर येणार नाही असं धरून कुणीही नदीकाठी निर्धास्त राहू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

---

किसुमूचा_कोल्हापुरी

सर, एकच जोडतो. एल निनो डिसेंबराच्या आसपास शिगेला पोचतो, आपला पावसाळा तोवर संपलेला असतो. म्हणून सप्टेंबरात सुटलो म्हणायचं नसतंय. २०१५ ला आपल्याकडं दुष्काळ आणि त्याच एल निनोत डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नई बुडाली, कारण तमिळनाडूच्या ईशान्य मान्सूनला एल निनो बऱ्याचदा जोर देतो. द्राक्षवाले आणि तोडणीच्या टोळ्या लावणारे, दोघांनी ऑक्टोबरात डायपोलकडं एक नजर टाकावी. पॉझिटिव्ह असला तर मला इथं चिखलाची तयारी करावी लागते आणि तुम्हाला तिथं अरबी समुद्रातल्या वादळाची.

---

नदीकाठ_शिरोळ

बेस्ट. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले त्या सरांना विचार, घाटात पाऊस लागल्यापासून आमच्या बांधाला पाणी लागेपर्यंत किती वेळ हातात असतो, नदीवरची मोटर काढायला माणसं कधी बोलवायची.

---

धरणवाला_काका

याचं उत्तर मी देतो. घाटातलं पाणी राजारामवर यायला साधारण एक दिवस धर, तिथनं खाली शिरोळला यायला अजून एक, पण खाली कृष्णा आधीच फुगलेली असली तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, तटून मागं पसरतं आणि मग हिशेब चुकतो. म्हणून एकट्या राजारामवर विसंबू नको, नरसोबाच्या वाडीची आणि कृष्णेची सांगलीतली पातळी सोबत बघायची. गगनबावडा आणि राधानगरीत दोन दिवस लागोपाठ दीडशे-दोनशे मिलीमीटर पडला आणि राजाराम तीस फुटांवर आला की ३९ ची वाट बघायची नाही, मोटर त्याच दिवशी काढ. ती परत बसवायचा खर्च येतो, पण पाण्यात गेलेल्या मोटरीचं वाईंडिंग करण्यापेक्षा स्वस्त. आणि पाईप-केबल वरच्या बाजूला बांध, नुसती मोटर काढून लोक घरी येतात आणि स्टार्टरची पेटी तिथंच राहते.